आठ मिलिमीटर

गिरिजा,

"चहा उकळायलाय काका, ठिवते," म्हणालीस आणि फोन ठेवलास. आपलं बोलणं संपलेलं नव्हतं. तू परत फोन केलास की ऐकवायची म्हणून मी दोन चांगली तिखट वाक्यं तयार ठेवली होती. सव्वा तासाने फोन वाजला तो तुझ्याच नंबरवरून. उचलल्या उचलल्या मी म्हणालो, "काय, पटलं का आता?" पलीकडे तुझ्या घरमालकीणबाई होत्या. त्या रडत होत्या. मी ज्या चढेल आवाजात बोललो तो माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. आधी काही कळण्यासारखं नव्हतं, असंही म्हणाले. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते जरा चिडले. त्यांचं बरोबरच होतं, पण माझंही आयुष्य आयटीआयमध्ये पोरांना एकच गोष्ट शिकवण्यात गेलं की कुठलंही यंत्र न सांगता मोडत नाही. बेअरिंग जायच्या आधी गुणगुणतं, मग तापतं, मग वास येतो. तू तर सकाळी पावणेअकराला माझ्याशी कडाकडा भांडत होतीस. ओट्यावर तुझा कप होता, अर्धा प्यायलेला. गॅस बंद केलेला होता. एवढी नीट होतीस तू, आणि छत्तीस वर्षांची होतीस.

आज नववा दिवस. तुम्हा लिंगायतांत सुतक पाळत नाहीत. तुझ्या आप्पांनी तिसऱ्या दिवशी चारठाण्याचं किराणा दुकान उघडलं, तर मला आधी त्यांचा रागच आला. मग मी स्वतःच शेडमध्ये जाऊन लेथ पुसत बसलो, तेव्हा कळलं की माणूस दुकान का उघडतो. तुझी काकू मात्र आपणहून सुतक धरून बसली आहे. घरात तळण नाही, गोड नाही. मी म्हटलं, ती आपली कोण लागते? तर म्हणाली, "तुम्हीच सांगा, कोण लागत होती?"

आणि परवा खाणीतून फोन आला. तेच साहेब, ज्यांच्यासमोर आपलं पहिलं मशीन फसलं होतं. आधी दुःख व्यक्त केलं, चांगल्या शब्दांत केलं. मग घसा खाकरून म्हणाले, बाईंचं पहिलं डिझाइनच मुळात चुकलेलं होतं, आता त्याच नाहीत, तर दुसरं मशीन राहू द्या, तुम्हीही या वयात कशाला ताण घेता. मी "दोन दिवसांनी सांगतो" म्हणून फोन ठेवला. डिझाइन चुकलेलं नव्हतं, गिरिजा. हे त्या क्षणी, त्या फोनवर सांगायला हवं होतं, आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. आठ महिन्यांपूर्वी निघाला नव्हता, तसाच.

आधी तुला पोचवलं त्या दिवसाचं सांगतो. आमच्यात माणूस आडवा जातो. तुझ्या लोकांनी तुला शेतातल्या खड्ड्यात बसवलं. मांडी घातलेली, कपाळावर भस्माचे पट्टे, डाव्या तळहातावर इष्टलिंग, मांडीवर बेलाची पानं. मला ही रीत ठाऊक होती. तूच सांगितली होतीस कधीतरी, शेडमध्ये डबा खाताना, भाकरी मोडत मोडत. पण ऐकलेलं वेगळं. शेडमध्ये उलट्या बादलीवर बसायचीस तशी तू त्या खड्ड्यात बसली होतीस, मान जराशी डावीकडे. जंगमस्वामी मंत्र म्हणत होते, तुझी आई विहिरीच्या कठड्याला धरून उभी होती, आणि माझी मेली नजर तुझा खांदा आणि मातीची भिंत यांच्यातलं अंतर मोजत होती. या बाजूला चार बोटं, त्या बाजूला सहा. मध्यावर बसवलेली नाही, असं माझ्या मनात आलं, आणि ते कोणाला तरी सांगायला मी तोंडसुद्धा उघडलं. तेवढ्यात माती पडायला लागली. असल्या माणसाला काय म्हणायचं?

त्या इष्टलिंगावरून आपण किती भांडलो होतो. माझ्या शेडमध्ये फिरत्या यंत्राजवळ कोणाच्या गळ्यात काही चालत नाही. साखळी नाही, मफलर नाही, देव नाही. तू म्हणालीस, ते अंगावरून उतरवायचं नसतं. मी म्हटलं, मग लेथपासून दहा फूट लांब उभी राहा. चार दिवस तू खरंच दहा फूट लांबून ओरडून मापं सांगत होतीस, आणि शेजारच्या शेडमधले लोक येऊन विचारत होते की काय झालं. पाचव्या दिवशी तू सदऱ्याच्या आतून एक बंद खिसा शिवून आलीस, त्याला तीन गुंड्या. म्हणालीस, "बघा, आता देव बी सुरक्षित, तुमचं लेथ बी." मी तपासून पाहिलं आणि पास केलं.

आपली पहिली भेट मात्र सरळसरळ भांडणाचीच. सहा वर्षांपूर्वी तू आलीस तेव्हा मी मळणीयंत्राची चाळणी ठोकत होतो. निवृत्तीनंतर माझ्याकडे येणारं काम म्हणजे चाळण्या, गेट आणि खिडक्यांचे गज. परभणीतल्या चार वर्कशॉपांनी तुला वाटेला लावलेलं. चहाच्या टपरीवर तुझी बातमी तुझ्याआधी पोचली होती. "आपल्या जिल्ह्यात खाण न्हाई, काई न्हाई, आन् ही बाई खाणीचं मशीन करायलीय. बनी तो बनी, नहीं तो परभणी!" मीही हसलो होतो तेव्हा. तू ड्रॉइंग उलगडलंस. मी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "किती चूक चालेल ते कुठं लिहिलंय?"

"चूक कशाला चालवायची काका?"

मी तुला पोरांना झापतो तसं झापलं. हाताने केलेल्या कामात चूक असतेच, ती किती चालेल हे आधी लिहून द्यायचं, नाहीतर घरी जायचं. दुसरी कोणी असती तर गेली असती. तू चाळण्यांच्या ढिगावर बसलीस, पेन काढलंस, आणि एकेक माप लिहीत गेलीस. प्रत्येक मापाला माझ्याशी वाद घातलास. दुपार गेली त्यात. तू निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की कितीतरी दिवसांनी मी दुपारी झोपलो नव्हतो.

ते मशीन करतं काय, हे मला समजायला आठवडा लागला, आणि आप्पांना तर तुझ्या शेवटापर्यंत नीटसं समजलं नाही. त्यांच्या दुकानात पेंडीच्या पोत्यावर बसून तू समजावत होतीस ते मला जसंच्या तसं आठवतं.

"आप्पा, पेरणीआधी बियाणं पाण्यात टाकतेत का न्हाई? पोचट वर येतंय, भरीव खाली बसतंय. ह्यात उलटं हाय. खाणीतला दगड दळायचा, पाणी घालायचं, औषध घालायचं. खालून हवा सोडली की तांब्याचे कण बुडबुड्याला चिकटून वर येतेत. फेस काठावरून सांडतो, तो घ्यायचा. दगड खाली ऱ्हातो."

"म्हंजे पोचट इकायचं म्हन की," आप्पा म्हणाले, आणि साखर घ्यायला आलेल्या बाईला सांगू लागले, "आमची गिरिजा फेस इकती."

तू हसून हसून पोत्यावरून घसरलीस. मग त्याच दुकानातून पावशेर रिठा मागून घेतलास. त्या रिठ्याने पुढे काय केलं हे तुला वाटत होतं तसं नाही. आता ते सांगतो. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला आठ महिने खवखवतंय.

फ्लोटेशन सेलचं, म्हणजे आपल्या त्या फेसाच्या यंत्राचं, सगळं मर्म टाकीच्या तळाशी, हे तू मला शिकवलंस. मधे फिरणारा रोटर, आणि त्याच्याभोवती उभ्या पात्यांचं न हलणारं कडं, तो स्टेटर. या दोघांमधल्या अरुंद गॅपमधून हवा जाते, चिरडली जाते आणि तिचे बारीक बुडबुडे होतात. गॅप वाढला की बुडबुडे मोठे. मोठे बुडबुडे भसाभसा वर येतात, फुटतात, आणि तांबं पुन्हा खाली. पहिल्या मशीनच्या ड्रॉइंगवर तू गॅप लिहिला होतास पाच मिलिमीटर. त्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक चालेल, असंही लिहिलं होतंस. माझ्याच सांगण्यावरून.

शाफ्ट मी केला. माझ्या हाताने, माझ्या लेथवर. पोरांच्या कामाला सरळपणा तपासायचा डायल लावून "वाकडं आहे, फेक" म्हणणारा मी, त्या दिवशी स्वतःच्या कामाला डायल लावला नाही. दुसऱ्या दिवशी चाचणी होती हे खरं, पण खरं कारण माज. माझ्या हातचा शाफ्ट वाकडा निघतो का कधी? रोटर बसवून हाताने फिरवला तर एक बाजू प्रत्येक पात्याला घासत होती. करर्र, करर्र. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी केलं. नवा शाफ्ट करायला दोन दिवस गेले असते, आणि तुला सांगावं लागलं असतं की सरांचा शाफ्ट वाकडा निघाला. तू पिंगळीला मावसबहिणीच्या साखरपुड्याला गेली होतीस. मी ग्राइंडर घेतला आणि सगळी पाती आतून तीन-तीन मिलिमीटर घासून काढली. रोटर मोकळा फिरला. गॅप पाचाचा आठ झाला. संध्याकाळी तू साखरपुड्याचे पेढे घेऊन आलीस, आणि मी दोन खाल्ले.

चाचणीला फेसाचं तेल आलेलं नव्हतं. खाणीत वापरतात ते, उग्र वासाचं. तेव्हा तू रिठ्याची शक्कल काढलीस. रात्रभर भिजवलेला रिठा कुस्करून, गाळून टाकीत ओतलास, आणि काय फेस आला तो! काठावरून सांडला, जमिनीवर पसरला, दारापर्यंत गेला. आपला वेल्डर रफिक म्हणाला, "ताई, समद्या कॉलनीची डोकी धुऊन निघतेत ह्याच्यात." आपण तिघं पायजमे वर करून नाचल्यासारखे फिरत होतो. रिठ्याचा फेस चिवट. बुडबुडा मोठा असो, लहान असो, फुटायचं नावच घेत नाही. माझी तीन मिलिमीटरची चोरी त्या फेसाखाली झाकून गेली, आणि मलाही वाटलं, बरं झालं, काही बिघडलं नाही.

खाणीत बिघडलं. तिथे खरं तेल होतं, खरा दगड होता. टाकीत नुसत्या उकळ्या. फेस धरतोय धरतोय तोवर फुटतोय. साहेब आणि त्यांची चार माणसं घड्याळ बघायला लागली. तू तासभर हवा कमी कर, वेग वाढव, तेल थेंबाथेंबाने घाल, असं करत राहिलीस. मग हात पुसून सगळ्यांसमोर म्हणालीस, "चूक माझी आहे. मी रिठ्यावर चाचणी केली, त्यानं मला फसवलं. डिझाइन पुन्हा करून आणते."

"रिठ्यावर?" साहेब म्हणाले. मग एकजण म्हणाला, शाम्पूचा कारखाना काढा. ते हसले. तूही थोडं हसलीस, पाहुण्यांच्या घरी हसतात तसं.

मी तुझ्या मागे दोन पावलांवर उभा होतो. हाताची घडी घालून. झाकली मूठ सव्वा लाखाची. जिल्ह्यातल्या निम्म्या वर्कशॉपांत माझी पोरं आहेत, कोणाचंही काम वाकडं निघालं की लोक म्हणतात, सरांना दाखवा. ती अब्रू मी तुझ्या पाठीमागे उभं राहून वाचवली. टेम्पोतून येताना तू विचारलंस, "काका, कामून एवढं गप बसलाव?" मी म्हटलं, ऊन लागलं. तू तुझी पाण्याची बाटली माझ्या हातात दिलीस.

सांगणार होतो. एकदा तर तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आलो होतो. तू जमिनीवर कागद पसरून बसली होतीस, केस वर बांधलेले, आणि म्हणालीस, "बरं झालं आलाव, हे पकडा जरा." मी दोन तास कागदाचं टोक धरून बसलो आणि तसाच परत आलो. नंतर दिवस जात गेले. उशीर झालेली गोष्ट सांगताना उशिराचाही जाब द्यावा लागतो, म्हणून आणखी उशीर होतो.

आणि मग हे नवं ड्रॉइंग. गॅप आठ! पाती जास्त, त्यांचा उतार वेगळा, रोटर खाली निमुळता, आणि गॅप आठ, त्यावर चूक चालेल अधिक दोन. मला धक्काच बसला. त्या आकड्याकडे मला बघवेना, म्हणून मी तुझ्यावर तुटून पडलो. शेवटचे पंधरा दिवस आपण याच्यावरच भांडत होतो, आणि त्या सकाळीही फोनवर तेच. मी म्हणालो, पाचाचं काम आठावर नेणं म्हणजे ढिलाई, असलं मशीन कुठलाही टाकाऊ फिटर करील.

तू म्हणालीस, "मंग करू द्या की. दगडाच्या पाण्यात सहा महिने फिरलं की पाती झिजणारच काका. गॅप वाढणारच. नवं असतानाच वाढलेला धरून चालू."

"मग माणसाने नीट काम करायचंच कशाला?"

फोन कापला गेला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं. मग तू म्हणालीस, "माणूस नीटच काम करतंय काका. एखांद्या दिवशी होत न्हाई त्याच्याच्यानं. तेवढ्यासाठी समदं मशीन वाया जाऊ ने." मी त्यावर काहीतरी फणकाऱ्याने बोललो. काय ते लिहीत नाही. मग तुझा चहा उकळला.

परवा साहेबांचा फोन झाल्यावर मी शेडमधल्या तुझ्या टेबलाचा खण उघडला. नवीन पात्यांचा उतार किती अंशाचा हे ड्रॉइंगवर पुसट झालं होतं, म्हणून तुझी चाचणीची वही काढली. पानं उलटता उलटता पहिलं मशीन खाणीतून परत आलं त्या दिवसाचं पान लागलं. तुझ्या बारक्या अक्षरात स्टेटरच्या प्रत्येक पात्यापाशी मोजलेला गॅप. आठ. आठ. आठ पूर्णांक एक. आठ. सगळ्या बाजूंनी. खाली एक ओळ: "झीज नाही. ग्राइंडरचे ओरखडे, डावखुऱ्या हाताचे."

शेडमध्ये डावखुरा मी एकटा आहे.

मी उभ्याचा खाली बसलो, गिरिजा. त्याच तुझ्या बादलीवर. पुढचं पान उलटलं तर नवं डिझाइन तिथूनच सुरू होत होतं. वर लिहिलेलं, "गॅप आठ धरून." म्हणजे तू त्याच दिवशी ओळखलं होतंस. आठ महिने तुला ठाऊक होतं. तुझ्या पहिल्या डिझाइनमध्ये खोट नाही हेही ठाऊक होतं, आणि तू खाणीत फोन करून सांगितलं नाहीस की बाबांनो, मशीन ड्रॉइंगप्रमाणे झालंच नव्हतं. उलट माझ्या पापाएवढी जागा मोजून तेवढ्यात चालेल असं नवं यंत्र मांडलंस. आणि मी तुलाच ढिलाई शिकवत होतो.

मी रफिकला हाक मारली. वही दाखवली. त्याने खाली मान घातली.

"ताईनं इचारलं होतं मला, रोटर कुनी बसवलं म्हनून. मी सांगितलो, सरनं."

"मग?"

"मंग काई न्हाई. म्हनली, रफिकभाई, सरला ह्यातलं काई बोलू नका, त्यांला झोप येनार न्हाई."

मला राग आला. खरं सांगतो, पहिल्यांदा रागच आला, तुझा. तुला काय अधिकार होता मला माफ करून मोकळं व्हायचा? मला सांगितलं असतंस, तोंडावर चार शब्द बोलली असतीस, मी आरडाओरडा केला असता, दोन दिवस तोंड फिरवून बसलो असतो, आणि तिसऱ्या दिवशी आलो असतो. आपण असल्या पन्नास भांडणांतून गेलो होतो. हे एक भांडण तू माझ्याशी केलं नाहीस. आता कोणाशी करू? मी त्या पानावर हात ठेवून रडलो, आणि रफिक उगाचच कॉम्प्रेसर चालू करून आला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

मग साहेबांना फोन केला. आधीच ठरवलं होतं की उभं राहून बोलायचं. म्हटलं, साहेब, बाईंच्या डिझाइनमध्ये चूक नव्हती. शाफ्ट माझा वाकडा होता. पाती मी घासली. त्यांना न विचारता. तुमच्यासमोर त्यांनी चूक स्वतःवर घेतली तेव्हा मी मागे उभा होतो.

मग ते म्हणाले, "त्या वेळी का नाही बोललात?"

मी म्हटलं, "भ्यालो." साठी उलटलेल्या माणसाने हा शब्द मोठ्याने म्हणणं सोपं नाही, पण म्हटल्यावर दुसरा कुठला शब्द बसला नसता असं वाटलं. शेडमध्ये रफिक होता, गेट न्यायला आलेले दोघे होते, त्यांनीही ऐकलं. आता टपरीवर पोचलं असेल. पोचू दे. साहेब म्हणाले, आमचं तेल आणि दळलेला दगड पाठवलेला आहेच, चालवून दाखवा, व्हिडिओ पाठवा, मग बघू.

काल चालवलं. शाफ्टला डायल लावला, दोनदा. तुझा नवा रोटर आधीच तयार होता, तुझी पाती मी आणि रफिकने रात्रभर बसून जोडली, गॅप आठ. रिठा नाही, त्यांचंच उग्र तेल, सगळ्या शेडला वास. पहिली दोन मिनिटं नुसतं करडं पाणी फिरत होतं. मग फेस धरला. बारीक, दाट, वर तांब्याची पिवळसर झाक. तो हळूहळू काठाशी आला आणि सांडायला लागला. मी तुला हाक मारली, गिरिजा. मोठ्याने मारली, सवयीने, "ये, बघ!" म्हणून. फेस सांडत राहिला आणि मी तसाच उभा राहिलो. तू नाहीस हे मला आठ दिवसांत खरं वाटलं नव्हतं, ते त्या वेळी वाटलं.

रफिकने व्हिडिओ काढला, पाठवलाही. साहेबांचं उत्तर आलं, मशीन घेऊन या.

पण माझं समाधान झालं नव्हतं. तू लिहिलं होतंस, अधिक दोन, म्हणजे दहापर्यंत. मी मशीन बंद केलं, टाकी रिकामी केली, स्टेटर बाहेर काढला आणि ग्राइंडर हातात घेतला. रफिक ओरडला, "सर, काय करायलाव!" मी प्रत्येक पातं दोन-दोन मिलिमीटर घासलं, नीट, मापून. पुन्हा सगळं बसवलं, दगडाचं पाणी भरलं, तेल घातलं, बटण दाबलं. गॅप दहा. फेस तितकाच आला. तसाच दाट, तसाच काठावरून सांडणारा. तुझं यंत्र माझ्यासारख्याला सांभाळून घेऊन चालत होतं.

मग तुझी वही घेतली. तुझ्या शेवटच्या ओळीखाली तारीख टाकली आणि लिहिलं: "गॅप दहा. पाती मी घासली." खाली पूर्ण नाव लिहून सही केली.